दोर धरणाऱ्याचे हात

पूर्वी काशीच्या गादीवर विशाखसेन राजा असताना, राज्याच्या पार टोकाला, डोंगरातल्या एका वाडीत बोधिसत्त्वाने मध काढणाऱ्यांच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव सुमंगल. कड्यावरची आग्या मोहोळे उतरवणे हा त्यांचा पिढीजात धंदा. कड्यावरून खाली सोडलेल्या माणसाचा दोर त्याच्या बायकोच्या भावानेच धरायचा, असा वाडीचा रिवाज होता. आपली बहीण विधवा व्हावी असे कोणाला वाटेल? म्हणून सुमंगलाचा दोर त्याचा मेहुणा कुंडक धरी.

मागच्या वर्षी एक माशी कुंडकाच्या डोळ्याला डसली, हात सुटला आणि सुमंगल दगडांवर पडला. जीव वाचला, पण एक पाय कायमचा अधू झाला. सुमंगल त्याला एका शब्दानेही बोलला नाही. कुंडकाने मात्र स्वतःला सोडले नाही. तो एक वेळच जेवू लागला. दोर धरताना तळहातांना गुंडाळायच्या चामड्याच्या पट्ट्या त्याने नदीत टाकून दिल्या. ज्या हातांनी घात केला त्यांचे लाड कशाला, असे त्याने ठरवून टाकले होते. वर्षभर पाणी शेंदताना, मोळ्या ओढताना उघड्या हातांना दोर काचे, चिरा पडत, त्या चिघळत. मग कुंडक हात उपरण्याखाली लपवी. याला तो प्रायश्चित्त म्हणे. दोराला बिचाऱ्याला प्रायश्चित्त काय कळणार?

यंदाच्या पहिल्याच मोहोळाला सुमंगल लंगडत कड्यावर आला आणि दोर कमरेला बांधून खाली उतरला. कुंडकाने झाडाला दोराचा एक वेढा दिला आणि टोक हातांत घट्ट धरले. निम्मे पोळे टोपलीत आले असेल नसेल, तोच त्याच्या खपल्या फुटल्या. रक्ताने दोर बुळबुळीत झाला, वीतभर घसरला. पोटात अन्न नव्हते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. सांगावे तर वर्षभर लपवलेले उघडे पडणार. त्याने दात आवळून धरले, तोंड उघडले नाही.

"कुंडका," खालून सुमंगल म्हणाला, "दोर लाल होऊन येतोय. हात कसे आहेत तुझे?"

"बरे आहेत, दाजी."

दोर पुन्हा घसरला.

सुमंगलाने मधाने भरत आलेली टोपली दरीत टाकून दिली. झोका घेऊन त्याने एक अरुंद कपार गाठली, तिच्यात पाय रोवले आणि कोणी मध काढणारा स्वप्नातही करणार नाही ते केले. कमरेची गाठ सोडली.

वर दोर एकदम सैल झाला. कुंडक काठाशी धावला. "दाजी, कुठे आहात?"

"कपारीत उभा आहे. आता तुझ्या हातांवर भार नाही. झाडाखाली माझी शिदोरी आहे, ती खा. जखमा धू, भाकरीवरचे तूप लाव, उपरणे फाडून हात बांध. मग हाक मार."

"माश्या तुम्हाला फोडून काढतील. आधी वर ओढतो."

"या हातांनी नाही ओढवणार. माझी दया येते ना तुला? मग आधी त्यांची कर."

 रडत रडत कुंडक जेवला. वर्षभरात पहिल्यांदाच त्याने आपले तळहात नीट पाहिले, आणि त्याला त्यांची कीव आली. त्याने ते हळूच धुतले, तूप लावून बांधले. तोवर खाली सुमंगल अधू पायावर उभा होता, माश्या डसत होत्या. घाई कर, असे तो एकदाही म्हणाला नाही.

हाक ऐकताच सुमंगलाने गाठ मारली. या खेपेस दोर तसूभरही घसरला नाही. वर आला तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येणार नाही इतका सुजला होता. कुंडकाने त्याचे पाय धरले. "मला शिक्षा करा, दाजी."

"मी एकदाच पडलो रे," सुमंगल म्हणाला. "तू मला वर्षभर रोज पाडतो आहेस. आता पुरे कर."

कुंडक बांधलेल्या हातांत तोंड लपवून पोटभर रडला.

ही कथा तथागतांनी विहारात सोमरत नावाच्या भिक्षूला सांगितली. आजाऱ्याच्या उशाशी बसला असता सोमरताचा डोळा लागला, तेवढ्यात तो आजारी माणूस दगावला, आणि तेव्हापासून सोमरताने अन्न टाकले होते. "तेव्हाचा कुंडक तूच होतास," तथागत म्हणाले, "आणि सुमंगल मी होतो. त्या दिवशी कपारीत माझा जीव वाचवला तो तू आपल्या हातांवर केलेल्या करुणेने. ती सर्व जीवांवर करावी, असे मी रोज सांगतो. सोमरता, त्या सर्वांत तू नाहीस, असे मी कधी म्हणालो?"

 सोमरताने भिक्षापात्र पुढे केले.