भानजीच्या घंटेचा आट

ऐका ना, ही गोष्ट फार फार वर्षांपूर्वीची. म्हणजे झणकेवाडीला यायला धड पायवाटसुद्धा नव्हती ना, तेव्हाची!

तेव्हा गावात भट्ट्याच भट्ट्या. घंटा, समया, टाळ, सगळं तिथंच ओतायचे. पण ओतायच्या आधी ती वस्तू हुबेहूब लाकडात करायचा भानजी सुतार. ओतारी तो नमुना वाळूत दाबायचे, अलगद काढून घ्यायचे आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेल्या धातूचा रस ओतायचे. आता गंमत अशी, की रस निवला की आटतो. म्हणून भानजी लाकूड जरासं मोठं ठेवायचा. त्या जास्तीच्या मापाला गावात म्हणतात आट. भानजीचा आट कधी चुकला नाही. त्याच्या लाकडी मोराशेजारी खरी लांडोर येऊन बसायची, असं म्हणतात.

त्याला एकच लेक, बयजा. आईविना वाढलेली. दिवसभर भुशात खेळायची आणि एकच टुमणं, "आबा, आट किती धरला?"

"तुझ्या नखाएवढा."

"अन् याला?"

"तुझ्या जिभेएवढा. म्हणजे लईच!"

जुना काळ तो. पोर लहानपणीच तीन डोंगरांपलीकडे दिली. व्याही म्हणाला, "उन्हाळ्यात माहेरी धाडतो."

उन्हाळा आला, बयजा नाही आली. पुढचाही गेला. जन्मभर सगळ्याला आट धरणारा माणूस, पण व्याह्याच्या शब्दाला धरायचा राहिला बघा!

मग भानजी हैबती ओताऱ्याला म्हणाला, "अशी घंटा करतो, की पोरीला तिच्या घरात ऐकू जाईल. ऐकली की येईल ती."

"अरे, आवाज नदीपलीकडं गेला तरी नारळ फोडीन!" हैबती हसला.

पहिली घंटा ओतली, आवाज नदीवर थांबला. हैबतीचा नारळ वाचला. दुसरी मोठी केली, आवाज पहिल्या डोंगराला धडकून परत आला. भानजीच्या लक्षात आलं, आवाजसुद्धा आटतो. मग त्यानं दारातला फणस तोडला. बयजाचा झोका होता ना, तोच फणस! त्यात तो घंटा कोरत बसला. कोरता कोरता केस पांढरे झाले.

शेवटी नमुना झाला. वाळूत द्यायच्या आधी लाकूड बघावं म्हणून भानजीनं बोटाच्या पेरानं टक् केलं. आणि लाकूड वाजलं! घणघणलं! तीन डोंगर ओलांडून गेलं, असं म्हणतात.

बयजा भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच उठली. "आबा बोलावतायत."

"खुळी का काय? कावळा वरडला," सासू म्हणाली.

पण बयजा निघालीसुद्धा.

भानजी दारात बसलेला. समोर उभ्या बाईला म्हणाला, "कोण पाहिजे, बाई?" एवढी वर्षं तो वाटेकडे गुडघ्याएवढ्या उंचीवरच बघत होता ना. मनातली पोर वाढलीच नव्हती.

बयजा पुढं झाली. लाकडी घंटेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आबा, आट किती धरला?"

भानजीच्या हातातली पटाशी गळून पडली.

"कमी पडला गं, बाय. लई कमी पडला."

चार दिवसांनी सासरचे येऊन तिला घेऊन गेले. ती घंटा मात्र ओतलीच नाही. हैबती म्हणाला, "वाजतं लाकूड वाळूत कशाला दाबू?" ती देवळात टांगली. पुन्हा कधी वाजली नाही.

आजही झणकेवाडीतून कुणी परगावी निघालं, की एसटी पकडायच्या आधी त्या घंटेखाली उभं राहून सांगतं, "दिवाळीला येतो." घरचे 'बरं' म्हणत नाहीत. विचारतात, "आट किती धरू?" मग जाणारा म्हणतो, "शिमग्यापर्यंत धर." तोवर कुणी रुसायचं नाही, रडायचं नाही.

आणि शिमगाही गेला, तर घरचं माणूस देवळात येतं. बोटाच्या पेरानं लाकडावर टक् करतं. मग कान लावून उभं राहतं, बराच वेळ.