भाकरीची राख

निगडवाडीच्या टेकडीवर एक मठ होता. मठात धुंडीनाथबाबा राहायचे, बाबांजवळ त्यांचा चेला शिरपती राहायचा. आणि टेकडीच्या पायथ्याला, मठाच्याच जागेत, ठकूबाई नि तिचा म्हातारा सासरा भिकातात्या राहायचे. गोष्ट या चौघांची, नि थोडीफार गावच्या सरपंचांची.

"बाबा, धुनी विझवू का?"

शिरपतीनं विचारलं तेव्हा बाबा धुनीपाशीच बसले होते. नाथांच्या मठातली धुनी ती, बाबांच्या गुरूच्या गुरूनं पेटवलेली. बाबा आता चिमटा उगारतील, असं धरूनच शिरपती दोन हात लांब उभा होता.

"का विझवायची?"

"धूर होतो. गावानं हरित गावाच्या स्पर्धेत नाव घातलंय. कुणी लाकूड जाळायचं नाही, असं ठरलंय. मठानंच आधी करून दाखवावं म्हणतो..."

बाबा विस्तवाकडं बघत राहिले.

"विझव."

शिरपतीनं घागरभर पाणी ओतलं. चर्र झालं, वाफ निघाली, संपलं. इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

मग त्याला चेव चढला. छपरावर सोलर बसलं. एका दात्यानं गोठ्यामागं गोबरगॅस बांधून दिला, त्याची नळी मठातल्या समाधीपुढं आणून शिरपतीनं काचेच्या पेटीत ज्योत लावली. हरित ज्योत. निळी निळी, दिवसरात्र जळायची. लोक हात जोडायचे, फोटो काढायचे. मठाच्या स्वयंपाकघरातली मोठी चूल त्यानं पहारीनं फोडली नि माती खड्ड्यात टाकली. शेवटी कमानीवर हिरव्या अक्षरांचा बोर्ड चढला.

'या मठात धूर नाही.'

खोटं नव्हतं त्यात काही. मठात धूर नव्हताच. भाकरी खालून यायच्या, ठकूबाईच्या घरून, दोन्ही वेळा, आल्यागेल्या भक्तांच्यासुद्धा. जोंधळा मठाचा, हात तिचे. फडक्यात गुंडाळलेली टोपली ती कमानीपर्यंत आणायची, शिरपती तिथंच उतरवून घ्यायचा. भाकर गरम असायची. यापलीकडं त्यानं कधी काही विचारलं नाही.

एके दिवशी सरपंच टेकडी चढून आले. कमानीत शिरपतीपाशी उभे राहिले नि खाली बोट केलं.

"महाराज, ते बघा."

पायथ्याच्या घरातून धुराची एक रेघ वर येत होती.

"सोमवारी कमिटी येणार. सबंध टेकडीला तेवढाच एक डाग."

"तुमच्या परसात बंब पेटतो की, सरपंच."

"तो पहाटे पेटतो. कमिटी दहाला येते."

शिरपतीला हसू आलं. सरपंचांना नाही आलं.

"जागा मठाची आहे. तुम्ही ऊठ म्हणालात की ती उठेल. ओढ्यापलीकडं दुसऱ्या गावाची शीव लागते. तिथं जाऊन खुशाल जाळू दे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "नंबर आला की सत्कार तुमचा. जिल्ह्याला, स्टेजवर. नाव मी कळवून टाकलंय."

शिरपती त्याच पावली खाली गेला.

ठकूबाई अंगणात काटक्या मोडत बसली होती.

"महाराज? आज खाली कसं काय?"

"ठकूबाई, सोमवारच्या आत घर हलवा. ओढ्यापलीकडं."

तिच्या हातातली काटकी हातातच राहिली.

"घर?... कायमचं?"

"धूर होतो तुमच्याकडं. गॅसची टाकी मिळालीय ना तुम्हाला?"

"हाय की. कोपऱ्यात हाय. तिच्यावर पाण्याचा तांब्या ठिवलाय. भरून आणाया परवडंना."

आतून खोकल्याची उबळ आली. बराच वेळ थांबेना. दोघंही तो थांबायची वाट बघत राहिले.

"मामंजींनी जलमभर तुमच्या धुनीला लाकडं वाहिली," ठकूबाई म्हणाली. "आता त्यास्नी पाठीवर घिऊन वढा वलांडू?"

"सगळ्या गावाचा प्रश्न आहे, ठकूबाई."

"बरं... जाते. जागा तुमची, आमी काय बोलावं. पर महाराज, सांजच्या भाकरी?"

शिरपती घुटमळला. "त्या... तिकडून आणा."

"वढ्यापलीकडनं?"

"हो."

"म्हंजी धूर तिकडं नि भाकर हिकडं."

शिरपती टेकडीच्या वाटेकडं वळला.

"बरं," म्हणाली ठकूबाई, आणि काटकी मोडली.

वर येऊन शिरपतीनं बाबांना सगळं सांगितलं. सत्काराचं तेवढं राहिलं. बाबा गार धुनीपाशी बसले होते. त्यांनी राखेची पितळी डबी उघडली, बोट फिरवलं, पालथी करून हातावर आपटली. काही पडलं नाही.

"राख संपली, शिरपा."

"बाजारातून आणतो, बाबा. भस्माची पुडी मिळते, वासाची."

"नको. तुझ्या भाकरीची आण."

"भाकरीची राख?"

"सकाळी जेवलास ना?"

"जेवलो."

"मग पडली असेल कुठंतरी."

...

शिरपती आधी फोडलेल्या चुलीच्या जागेवर जाऊन आला. तिथं शेणानं सारवलेली कोरी जमीन होती. हरित ज्योतीपाशी थांबला. तिथं राख कसली? मग घमेलं उचलून टेकडी उतरला.

ठकूबाईचं दार बुटकं. वाकून आत शिरला नि धुराचा लोट तोंडावरच आला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. काही दिसेना. नुसती भाकरी थापल्याची थपथप तेवढी ऐकू येत होती.

"खाली बसा, महाराज. धूर वर असतो. उभं ऱ्हायलं की डोळं जात्यात."

तो बसला. हळूहळू दिसायला लागलं. भिकातात्या दाराच्या फटीला तोंड लावून पडला होता, जिथून वारा येईल तिथं. आढं काळं कुळकुळीत. ठकूबाई थापत होती, तव्यावर टाकत होती, पाणी फिरवत होती, उलटून निखाऱ्यावर फुगवत होती. मध्येच फुंकणीला तोंड लावायची, खोकायची, पुन्हा थापायची. टोपली भरली. आणखी थोड्या झाल्या. शेवटी दोनच उंडे राहिले, ते तिनं वेगळे भाजले नि वेगळ्या ताटात ठेवले.

"एवढ्याच तुमच्या?"

"आमी दोन माणसं. बाकी मठाचं."

शिरपतीनं घमेलं पुढं केलं. "बाबांना राख हवीय. माझ्या भाकरीची."

ठकूबाई हसायलाच लागली. "भाकर मागाया येत्यात, विस्तव मागाया येत्यात. राख मागाया आलेला पयलाच गडी बघतीया!"

"बाबांनी सांगितलंय."

तिचं हसू थांबलं. तिनं उलथनं घेतलं, चुलीतली राख पुढं ओढली. त्यातली ओंजळभर बाजूला सारली.

"ही आमची."

मग उरलेली सगळी घमेल्यात भरली. घमेलं शिगोशीग भरलं.

"ही तुमची. आजचीच हाय बरं का. कालची भांड्यांना लागली, त्याच्या आदली उकिरड्यावर."

शिरपती उठला. घमेलं डोक्यावर घेतलं नि निघाला. टेकडीला वारा होता. प्रत्येक पावलाला राख उडायची, कपाळावर, मिशीवर, हिरव्या काठाच्या उपरण्यावर बसायची. निम्म्या वाटेत सरपंच भेटले. त्यांनी आधी ओळखलंच नाही.

"अगं आई... महाराज? हे काय डोक्यावर?"

"राख."

"कुणाची?"

शिरपतीच्या तोंडात राख गेली होती. त्यानं ती गिळली.

"माझी."

सरपंचांनी रामराम घातला नि वाट सोडली.

बाबांनी घमेल्यातली चिमूट घेऊन कपाळाला लावली. डबी भरली.

"तूही लाव."

"लागलीय, बाबा."

बाबांनी त्याच्याकडं पाहिलं. "हो की."

"बाबा... बोर्ड काढू?"

"का? खोटं काय लिहिलंय?"

शिरपतीनं विचार केला. "काही नाही."

"मग असू दे."

बाबा डबीचं झाकण लावून आत गेले. शिव्या दिल्या असत्या, चिमटा मारला असता, तर शिरपतीला बरं वाटलं असतं. त्या सांजेला भाकर गरम होती, नेहमीसारखीच. त्याच्यानं अर्धीसुद्धा खाववली नाही. पण ठकूबाईला राहा म्हणायलाही तो खाली गेला नाही. स्टेज दिसत होतं ना डोळ्यांपुढं...

सोमवार उजाडला. कमिटी आली. गॉगल लावलेल्या एक मॅडम, त्यांच्यासोबत दोघं जण. मॅडमनी सोलर बघितलं. बोर्डाखाली उभं राहून फोटो काढला. हरित ज्योत तर त्यांना फारच आवडली.

"वा! प्रत्येक मठानं असं करायला हवं."

शिरपतीनं कमानीतून खाली पाहिलं. पायथ्याशी धुराची रेघ नव्हती. आभाळ धुतल्यासारखं. ठकूबाईच्या दारात गाठोडं दिसत होतं, त्याच्या टेकणीला भिकातात्या.

"आता जेवूनच जा, मॅडम," सरपंच म्हणाले. "मठाचा प्रसाद आहे."

"चालेल की. भूक तर लागलीच आहे."

ओसरीवर पंगत बसली. पत्रावळी मांडल्या. ठेचा वाढला, कांदा वाढला, दही आलं. आणि सगळी माणसं थांबून राहिली.

सरपंच शिरपतीच्या कानाशी लागले. "भाकरी कुठं आहेत?"

"झाल्या नाहीत."

"का?"

"तिची चूल आज विझलीय. विझवायचीच होती ना?"

"अहो, आजच्यापुरती पेटवायला सांगा की!"

"मग धूर होईल."

सरपंचांनी कपाळावरचा घाम पुसला. "काहीतरी बोला, महाराज. वीज गेली म्हणा. बाई आजारी आहे म्हणा. झाकली मूठ सव्वा लाखाची!"

शिरपतीनं बाबांकडं पाहिलं. बाबा पंगतीत बसले होते, पत्रावळीवरचा कांदा शांतपणे फोडत होते. वर पाहिलंसुद्धा नाही.

शिरपती आत गेला. घमेलं घेऊन आला नि मॅडमच्या पत्रावळीपुढं ठेवलं.

"हे काय?"

"आमची राख, मॅडम. एका दिवसाच्या भाकरीची. त्या खालच्या घरात पडते. आज ते घर उठतंय, धूर होतो म्हणून. त्यामुळं भाकरी नाहीत."

मॅडमनी गॉगल काढला. घमेल्याकडं पाहिलं, मग कमानीकडं.

"पण तुमच्या बोर्डावर तर..."

"बोर्डावर खरंच लिहिलंय, मॅडम. मठात धूर नाही."

सरपंच पुटपुटले, "हात दाखवून अवलक्षण!" आणि बंडीला हात पुसत उठले.

निगडवाडीचा नंबर आला नाही. सत्कार दुसऱ्याच कुणाचा झाला. सरपंच पुढं कितीतरी दिवस मठाची वाट चढले नाहीत.

पण ते सगळं मागाहून. कमिटीची गाडी वळली तशी शिरपतीनं समाधीपुढची ज्योत बंद केली नि धावत टेकडी उतरला. ठकूबाईनं गाठोडं डोक्यावर घेतलं होतं, सासऱ्याचा हात धरला होता.

"खाली ठेवा ते."

"आता काय झालं, महाराज?"

त्यानं गाठोडं तिच्या डोक्यावरून उतरवलं नि घरात नेऊन ठेवलं. म्हाताऱ्याला आत बसवलं. मग कुदळ मागितली.

गोठ्यापासून ठकूबाईच्या दारापर्यंत चर त्यानं एकट्यानं खणला. मुरूम कडक, हाताला फोड आले. भिकातात्या दारात बसून सांगायचा, "हितं दगूड हाय, जरा डावीकडनं जा." टेकडीवर लाकडं वाहून वाहून म्हाताऱ्याला तिथला दगडन्‌दगड पाठ होता. समाधीपुढची नळी उचलून खाली आणली. ठकूबाईच्या चुलीजागी शेगडी बसली. तिनं काडी ओढली आणि निळी ज्योत फुलली.

"अगं बया," म्हणाली ठकूबाई, "देवाम्होरची जोत माझ्या घरात?"

आणि मग त्या घराला खरंच बरे दिवस आले. आढ्याचा काळेपणा खरवडून तिनं पिवळ्या मातीनं भिंती सारवल्या. डोक्यावरचा मोळीचा भार गेला. भिकातात्याचा खोकला सगळा गेला नाही, पण म्हातारा रात्री झोपायला लागला. दाराच्या फटीपाशी पडायचा तो घराच्या मध्यावर अंथरूण टाकू लागला. बाबांनी पायथ्याची जागा ठकूबाईच्या नावानं करून दिली. त्या दिवशी तिनं बाबांना नि शिरपतीला आपल्याच घरी जेवायला बोलावलं.

भाकरी तव्यावरून थेट ताटात आल्या. घरात वास फक्त जोंधळ्याचा. शिरपती पोटभर जेवला. मग राहवेना म्हणून शेगडीखाली वाकून बघितलं, बोट फिरवून बघितलं, आणि ते स्वच्छ बोट बाबांपुढं धरलं.

"बघा, बाबा! आता कुठंच राख नाही."

बाबांनी हात धुतले. कनवटीची पितळी डबी काढली, उघडली, त्याच्या हातात ठेवली. रिकामी होती.

"बरं झालं," बाबा म्हणाले. "आता राख शोधायला तुला जरा लांब जावं लागेल."