कोपरं टेकून

“आणखी काय दिसतं?”

“कमरेचा चौथा मणका पाचव्यावर पुढे सरकलाय, सर. मधली चकती झिजलीय. मागच्या सांध्यांना हाडाच्या चोची फुटल्यात.”

“म्हणजे?”

“नसांची वाट अरुंद झाली असणार.”

“असणार?”

“नसा एक्स-रेत दिसत नाहीत ना. हाडांवरून अंदाज बांधायचा. खात्रीला एमआरआय…”

हिंगमिरे सरांनी समाधानानं मान हलवली. धर्मादाय दवाखान्याच्या या एक्स-रे विभागात त्यांनी उभा जन्म काढला होता. आणि शेजारचा मल्हार शिंत्रे हा त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. आपण हुशार आहोत हे त्यालाही चांगलंच ठाऊक होतं. एरवी नाकावर माशी बसू द्यायचा नाही, सरांपुढे मात्र गरीब गाय. सरांवाचून त्याचं पान हलत नसे.

सरांची फोटो बघायची एक तऱ्हा होती. उजेडाच्या पेटीसमोर टेबलावर दोन्ही कोपरं टेकायची, कमरेत चांगलं वाकायचं आणि मग तोंड उघडायचं. त्यांचे विद्यार्थीही झाडून सगळे तसेच वाकत. मोठमोठ्या शहरांत जाऊन नाव काढलेलेही तिकडे तसेच वाकतात म्हणे. नवा कुणी ताठ उभा राहिला, तर मल्हार त्याला दटावायचा, “आपल्याकडे असं बघत नाहीत.”

शिकवायच्या फोटोवरचं रोग्याचं नाव सर कागदाच्या पट्टीनं झाकत. आणि शेवटी त्यांचा प्रश्न ठरलेला असे.

“बरं… आता हा माणूस दिवसभर वावरतो कसा, ते सांग.”

मल्हारला हाच प्रश्न आवडायचा. इथं त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

“ताठ उभा राहिला की याच्या पायात कळ जात असणार. थोडं चाललं की बसावंसं वाटतं. पुढे वाकला की बरं वाटतं, वाकल्यावर नसांना जराशी जागा होते ना. म्हणजे सर, हा चारचौघांत कळू न देता सारखा कशावर तरी कोपरं टेकून…”

बोलता बोलता त्याचं कोपर शेजारच्या कोपराला लागलं.

त्यानं वळून पाहिलं. टेबलावर टेकलेली सरांची कोपरं. त्यांची कातडी जाड, काळी पडलेली.

“वाक्य पुरं कर,” सर म्हणाले.

“सर… हा फोटो तुमचा आहे.”

सरांनी नखानं पट्टी काढली. खाली त्यांचंच नाव होतं.

“कधीपासून?”

“तू इथं यायच्या आधीपासून.”

“आणि इतकी वर्षं अंगावर काढलंत?” मल्हारनं विचारलं. एवढा नजरेचा धनी, आणि रोज शेजारी उभं असलेलं दुखणं त्याला दिसलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि सरांची फार माया आली.

“आता रिपोर्ट लिही,” सर म्हणाले. “हाडांच्या डॉक्टरांना हवाय. स्वतःचा फोटो वाचताना मन लबाडी करतं रे.”

“हे असं लिहिलं तर ते ऑपरेशन करायला सांगतील.”

“सांगतील.”

“मग तुम्ही इथं…”

“नाही येणार. ऑपरेशन ठरलं की काम सोडायचं, असं घरी कबूल केलंय.”

मल्हारनं पेन उचललं, खाली ठेवलं.

“सर… जरा सौम्य लिहू?”

सरांनी ती पट्टी उचलली आणि पुन्हा नावावर चिकटवली.

मल्हारनं डोळे पुसले. मग जसं दिसलं तसं लिहिलं.

लिहून झाल्यावरही दोघं तसेच वाकून उभे होते. पेटीचा उजेड तेवढा दोघांच्या तोंडावर होता.

“म्हणजे आम्ही सगळे…” मल्हारला रडता रडता हसू आलं, “चांगल्या धडधाकट पाठी घेऊन… उगाचच?”

सरही हसले. हसताना कमरेत कळ आली, तरी हसले.

“मग आता मी ताठ उभा राहून बघू, सर?”

सरांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

“बघ की,” ते म्हणाले. “पण आज वाकला होतास, म्हणून मी दिसलो.”