दारातला प्रश्न

समुद्रकाठच्या एका टेकडीवर एकदा एक वैद्यकाचे विद्यापीठ होते आणि तिथले आचार्य फार वृद्ध होते. तिथे एक जुनी रीत होती. शिकायला येणाऱ्याला दारातच संस्कृतात प्रश्न विचारायचा, 'ज्वर कसा ओळखावा?' उत्तर आले तर आत, नाहीतर टेकडी उतरून परत. दारावर बसण्याचा मान वरदत्त नावाच्या शिष्याचा होता. तो मनाने वाईट नव्हता; पण आपण दार राखतो म्हणून विद्येचे तेज टिकून आहे, असे त्याला प्रामाणिकपणे वाटे.

एका सकाळी खाडीपलीकडच्या मिठागरावरची गोदू दाराशी आली. मागच्या वर्षीही ती अशीच येऊन परतली होती. तिच्या वस्तीत वैद्य नव्हता. माणसे साध्या तापाने जात. वरदत्ताने प्रश्न विचारला. तिला त्यातला एक शब्दही कळला नाही. आधी भाषा शिकून ये, असे त्याने तिला समजुतीने सांगितले.

"कुठं शिकू, शास्त्रीबुवा?" गोदू म्हणाली. "शिकवणारे सगळे तर तुमच्या पाठीमागे आत बसलेत."

वरदत्ताने दार लावून घेतले. परतीच्या नावेची वाट बघत गोदू खाली धक्क्यावर जाऊन बसली.

दुपारी त्याच धक्क्यावर एक मोठे गलबत लागले. समुद्रापलीकडच्या बेटावर असेच एक विद्यापीठ होते. तिथले कुलगुरू स्वतः आले होते. तुमचे शिष्य आमच्याकडे यावेत, आमचे तुमच्याकडे, आणि दोन्हीकडच्या औषधांचे ज्ञान एक व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यांची कीर्ती वरदत्त ऐकून होता. त्याने दाराची दोन्ही कवाडे उघडली, पाय धुवायला पाणी आणले, आसन मांडले.

इतक्यात आचार्य काठी टेकत आले; सकाळचे दारातले बोलणे त्यांनी आतून ऐकले होते. पाहुण्यांना त्यांनी नमस्कार केला आणि उंबऱ्याबाहेरच थांबवले.

"वरदत्ता, आपल्या रीतीप्रमाणे यांना प्रश्न विचार."

वरदत्त ओशाळला. पण आज्ञा होती. त्याने हळू आवाजात प्रश्न विचारला. पाहुण्यांचा दुभाषी पुढे झाला, तेव्हा आचार्यांनी त्याला हातानेच थांबवले. एवढे थोर वैद्य. पण त्यांना प्रश्नच कळला नाही; ते संकोचून हसले.

"उत्तर आलं नाही," आचार्य म्हणाले. "दार लाव."

"आचार्य, कसं लावू? यांना येत नाही ती फक्त आपली भाषा."

बोलून झाले आणि त्याचे शब्द त्याच्याच कानांत राहिले. त्याची नजर आपोआप धक्क्याकडे गेली.

आचार्यांनी पाहुण्यांची क्षमा मागितली आणि दुभाष्याकरवी सारे सांगितले. ते ऐकून कुलगुरू मोकळेपणाने हसले. आमच्याकडेही पूर्वी असेच चाले, ते म्हणाले. आता दाराशेजारी एक पडवी बांधली आहे. नवे आलेले चार महिने तिथे राहून भाषा शिकतात, आणि त्यांना शिकवतात आदल्या वर्षी आलेले.

"तर मग आपल्या करारातलं पहिलं औषध हेच," आचार्य म्हणाले. मग ते शिष्याकडे वळले. "बाळ, समुद्र ओलांडून आलेल्यासाठी तू दोन्ही कवाडं उघडलीस, हे चांगलंच केलंस. पण खाडी ओलांडून आलेलीला तीच भाषा आडवी आली, तेव्हा तू तिला अडाणी समजलास. लांबच्यांशी मैत्री करताना आपला उंबरा जवळच्यांना उंच राहिला, तर त्या मैत्रीत आपण काय शिकलो?"

वरदत्त उतरणीवरून धावतच धक्क्यावर गेला. नावेचा दोर सुटत होता. नावाड्याला थांबवून त्याने गोदूला तोच प्रश्न तिच्या बोलीत विचारला, "ताप आलाय हे कसं ओळखशील?"

ती म्हणाली, "अंग कढत लागतं, एवढंच ठाऊक आहे. पुढचं माहीत असतं, तर इथवर कशाला आले असते?"

वरदत्ताने मान खाली घातली. मग नावेतले तिचे बोचके उचलून खांद्यावर घेतले.

"चल गोदूताई," तो म्हणाला. "पडवी अजून बांधायची आहे. तोवर माझ्या शेजारी दारातच बसून शीक."

पुढे त्या विद्यापीठात दोन्ही किनाऱ्यांवरून माणसे येत राहिली. प्रश्नही तोच राहिला. फक्त तो आता शिक्षण संपवून घरी निघालेल्यांना विचारला जाऊ लागला.