खिडकीवरची गोधडी

खिडक्या आणि गोधड्या एकमेकींशी भांडायच्या, तेव्हाची गोष्ट. हमरस्त्यावरच्या एका घरात खिडकीची काच फार तोऱ्यात असे. "वारा, पाऊस, धूळ, सगळं मीच अडवते!" पण बाहेर हॉर्न वाजला की तीच थरथरायची आणि पाळण्यातलं बाळ दचकून रडायचं.

एका दुपारी बाळाच्या आईने, प्रमिलाने, वैतागून सासू-आजेसासूच्या लुगड्यांची जाड गोधडी खिडकीवर घट्ट बांधली.

"चिंधी कुठली!" काच फणकारली. "मला जमलं नाही ते तुला जमणार?"

तेवढ्यात ट्रक कर्कश हॉर्न वाजवत गेला. बाळ हललंसुद्धा नाही.

"आवाज गेला कुठे?" काचेने हळूच विचारलं.

"माझ्या थरांत जिरला," गोधडी ऐटीत म्हणाली. "या लुगड्यांनी जन्मभर घरातला आरडाओरडा गिळलाय, बाई. हॉर्नचं काय घेऊन बसलीस!"