हरणीची निवड

वाकसवाडीच्या सर्जेराव इनामदारांना आपल्या कारवानी शिकारी कुत्र्यांचा भारी अभिमान होता. त्यांच्या हरणी कुत्रीला पाच पिल्लं झाली. चार सडसडीत निघाली, पाचवं मात्र मागच्या पायानं लंगडं.

"हे आमच्या वंशाला बट्टा लावील. संध्याकाळी नदीत सोडून ये," त्यांनी कुत्री सांभाळणाऱ्या सगुणाबाईला फर्मावलं.

दुपारी एक सरदार पिल्लू न्यायला आले. इनामदार ऐटीत म्हणाले, "आमच्याकडे पिल्लू माणूस निवडत नाही, आई निवडते. सगळी दूर ठेवायची. जे ती आधी उचलून आणील, ते सर्वांत अस्सल. सात पिढ्यांत ही पारख चुकलेली नाही!"

सगुणाबाईनं अंगणाच्या टोकाला पिल्लं ठेवली. पाचही ठेवली. हरणी धावत गेली, चौघांना नुसतं हुंगलं आणि लंगड्याला अलगद तोंडात धरून परत आली.

इनामदार लालबुंद झाले. "खुळी आहे ही! हिला काय कळतंय?"

"असंल, सरकार," सगुणाबाई हळूच म्हणाली. "पण आईच खुळी म्हटली, तर बाकीच्या चौघांचं कूळ पाहुण्यांना काय म्हणून सांगायचं?"

सरदारांना हसू आवरेना. इनामदारांनी दोनदा मिशीवर हात फिरवला आणि अखेर पुटपुटले, "राहू दे ते पिल्लू. घरीच राहू दे."

हरणी पिल्लाला चाटत होती. तिच्याशेजारी बसून सगुणाबाई त्याचा अधू पाय हलक्या हातानं चोळू लागली.