मागच्या दाराचं कुलूप

बोलण्यात मला हरवेल असा माणूस आमच्या यंत्रमागाच्या गल्लीत नाही. बायका दोन-तीन आहेत, त्यांचं सोडा.

शेजारच्या कारखान्यात कापसाच्या धुळीनं पेट घेतला, तरी आमचे मालक नरसय्याशेठ आम्हाला आत घेऊन मागच्या दाराला कुलूप ठोकायचेच. दसऱ्याला मागांची पूजा चालू असताना तपासणीला आलेल्या साहेबांनी त्या कुलपावर बोट ठेवलं.

शेठ हात जोडून म्हणाले, “साहेब, हे आमचं देऊळ. सूत चोरीला जातं म्हणून कुलूप. देवळाला कुलूप नसतं का?”

साहेबांनी मान डोलावली. मलाही उत्तर सुचेना.

सुताच्या कांड्या भरणारी चंद्रव्वा मागावर फूल ठेवत म्हणाली, “असतं की, मालक. पण पुजारी बाहेर आल्यावर लावतात.”